लष्करातला जून १८५८: युद्धकाळातली प्रेमकथा पहिल्यांदा पडद्यावर आणणाऱ्यांसाठी

ग्वाल्हेरात लघुपट करू पाहणारी तरुण मंडळी माझ्याकडे वही घेऊन येतात, तेव्हा त्या वहीच्या पहिल्या पानावर बहुधा किल्ला असतो, दुसऱ्यावर घोडा असतो आणि ज्या दोन माणसांची ती प्रेमकथा आहे ती माणसे सातव्या-आठव्या पानावर येतात. लष्कर या ग्वाल्हेरच्या भागातल्या हौशी रंगभूमीवर अनेक वर्षे काम केल्यावर आणि पुढे स्वतःचे काही लघुपट केल्यावर माझे मत असे झाले आहे की हा क्रम उलटा करायला हवा. युद्धकाळातली ऐतिहासिक प्रेमकथा कमी पैशात आणि आपल्याच गावात नक्की करता येते; मात्र ती रणांगणावरून नव्हे, तर एका घराच्या ओसरीवरून सुरू करावी लागते. पुढची मांडणी वीस-पंचवीस मिनिटांचा लघुपट, आठ-दहा माणसांचा चमू आणि लष्करातला एखादा जुना वाडा एवढे गृहीत धरून केली आहे.

पहिली पायरी: युद्धाचा लहानसा तुकडा

"१८५७ चे युद्ध" हा लघुपटाचा विषय होऊ शकत नाही, कारण तो फार मोठा आहे आणि मोठ्या विषयात प्रेमकथा हरवून जाते. आपल्याकडे मात्र त्या युद्धाचा असा एक तुकडा आहे, ज्याला आरंभ आणि शेवट दोन्ही आहेत आणि जो जेमतेम तीन आठवड्यांचा आहे. १४ जून १८५७ रोजी शहराजवळच्या मोरारच्या छावणीतल्या कंटिंजंट फौजेने, म्हणजे शिंद्यांच्या खर्चाने पण इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखाली ठेवलेल्या फौजेने, बंड केले, ग्वाल्हेरचे राजे जयाजीराव शिंदे यांनी तिला काही महिने थोपवून धरले आणि पुढे ती फौज तात्या टोप्यांबरोबर कानपूरकडे गेली, एवढी पार्श्वभूमी आपल्याला माहीत असावी. पण ती पडद्यावर दाखवण्याची गरज नाही. आपली कथा सुरू होते ती १ जून १८५८ या दिवशी, जेव्हा रावसाहेब पेशवे, तात्या टोपे आणि राणी लक्ष्मीबाई यांच्या सैन्यासमोर मोरारजवळ जयाजीरावांची बहुतेक फौज फिरली आणि जयाजीरावांना आग्र्याकडे निघून जावे लागले. त्यानंतर फुलबागेत रावसाहेबांचा दरबार भरला, शिंद्यांच्या खजिन्यातून फौजेचे पगार वाटले गेले, ब्राह्मणभोजने झाली आणि दक्षिणा दिल्या गेल्या. १६ जूनला इंग्रज सेनापती सर ह्यू रोझने मोरार घेतले, १७ तारखेला कोटा की सराय येथे लढाई झाली, १९ तारखेला लष्कर पडले आणि २० तारखेला किल्ला इंग्रजांच्या हाती गेला; त्याच दिवशी जयाजीराव परतले.

या तारखा एका मोठ्या कागदावर लिहून भिंतीवर लावाव्यात आणि प्रत्येक तारखेसमोर दोन रकाने पाडावेत. एका रकान्यात शहरात काय झाले ते लिहावे आणि दुसऱ्यात त्या दिवशी आपल्या घरात काय झाले ते. दुसरा रकाना भरत नसेल तर पटकथा लिहायला घेऊ नये. राणींच्या मृत्यूची तारीख कुठे १७, तर कुठे १८ जून दिलेली आढळते. समाधीजवळचा बलिदान मेळाही या दोन दिवसांत भरतो. आपण एक तारीख निश्चित करून शेवटपर्यंत तीच पाळावी किंवा त्या प्रसंगी पडद्यावर तारीख न दाखवता "आज सांजेला" एवढ्यावर भागवावे.

याच कागदावर तिसरा रकाना चंद्राचा असावा, असे मी आता आग्रहाने सांगतो. माझ्या पहिल्या लघुपटात नायक ज्या रात्री घरातून निघून जातो ती रात्र आम्ही लख्ख चांदण्यात घेतली होती, कारण चांदण्यात चित्र सुरेख येते. पहिल्याच खेळाला आलेल्या एका वृद्ध बाईंनी मला बाजूला घेऊन विचारले, "तुझी ही सून सकाळी अवसेचा दहीभात ओवाळून टाकते, मग रात्री एवढं चांदणं कुठून आलं रे?" मला उत्तर देता आले नाही आणि ती चूक आजही त्या लघुपटात तशीच आहे. म्हणून सांगतो, की जून १८५८ च्या पहिल्या दिवशी वद्य पक्ष चालू होता, अमावास्या ११-१२ जूनच्या सुमारास येते आणि कोटा की सरायच्या लढाईच्या रात्री आकाशात षष्ठी-सप्तमीची कोर होती, जी मध्यरात्रीच्या आसपास मावळते. म्हणजे लष्कर पडण्याच्या आधीच्या त्या दोन-तीन रात्रींना पूर्वार्धात अंधुक उजेड आणि उत्तरार्धात गडद अंधार मिळतो. घरातले माणूस कधी बाहेर पडेल आणि कधी परतेल, हे या एका गोष्टीवरून ठरवता येते.

दुसरी पायरी: दोन माणसे

नायक-नायिका इतिहासातली प्रसिद्ध माणसे नसावीत. राणी, तात्या किंवा जयाजीराव यांच्या तोंडी आपण काहीही घातले तरी प्रेक्षक ते आपल्या मनातल्या मूर्तीशी ताडून पाहतो आणि नवख्या लेखकाची सगळी शक्ती त्या मूर्तीला सांभाळण्यातच खर्च होते. ही मोठी माणसे दुरून जावीत; त्यांच्या टापांचा आवाज घरात यावा. आपली माणसे अशी निवडावीत की त्या तीन आठवड्यांत त्यांचे काहीतरी पणाला लागलेच पाहिजे.

मी शिकवताना नेहमी एक उदाहरण घेतो. गोरखीच्या, म्हणजे तेव्हाच्या राजवाड्याच्या, दफ्तरात मोडी लिहिणारा एक तरुण कारकून आहे. ३१ मेपर्यंत त्याने शिंद्यांचे कागद लिहिले. जूनच्या पहिल्या आठवड्यात त्याच दौतीतून, त्याच बोरूने तो पेशव्यांच्या नावाचे कागद लिहितो, कारण दफ्तरात बसलेल्याने सांगितलेला कागद लिहायचा असतो. २० जूनला जुने धनी परत येतात आणि ते इंग्रजांबरोबर येतात. आता त्याच्या हस्ताक्षराचा प्रत्येक कागद त्याच्याविरुद्धचा पुरावा आहे. पणाला काय लागले होते हे समजून घ्यायचे असेल तर सराफ्यात जावे: शिंद्यांचे खजिनदार अमरचंद बाँठिया यांना बंडवाल्यांना खजिना दिल्याबद्दल तिथल्या कडुलिंबाच्या झाडावर फाशी देण्यात आले. आपला कारकून त्या रस्त्याने रोज घरी जात असणार.

आणि घरी त्याची बायको आहे, जिला वाचता येत नाही. पण तिने त्याचे लिहिणे पाहिलेले आहे. मोडीत आधी पानभर आडव्या रेघा ओढून घेतात आणि मग त्या रेघांना अक्षरे लावत, बोरू शक्यतो न उचलता लिहीत जातात. शाई ओली असताना वर बारीक वाळू टाकतात आणि कागद तिरका करून ती झटकतात. रेघ ओढताना त्याचा हात शेवटी किंचित वर जातो, हे तिला ठाऊक आहे. अक्षर न वाचताही रेघेवरून कागद कोणाचा हे ती सांगू शकते. किल्ला पडल्यावर चौकशीला आलेला माणूस एक कागद तिच्यापुढे धरतो आणि विचारतो, हे कोणाचे लिहिणे? या एका प्रसंगात युद्धही आहे आणि प्रेमही आहे. त्यासाठी एकही घोडा लागत नाही.

हे उदाहरण जसेच्या तसे घेऊ नका, पण त्याची रचना पाहा. प्रेमाची जी खूण कथेच्या पहिल्या भागात कौतुकाची असते तीच युद्धामुळे दुसऱ्या भागात जीवघेणी होते. तुमची माणसे चांभार असोत, वाजंत्री असोत किंवा मोरारच्या छावणीला दूध घालणारे असोत, अशी एक खूण शोधल्याशिवाय पुढे जाऊ नये.

तिसरी पायरी: प्रेम कोणत्या भाषेत बोलते

नवख्या पटकथांत सर्वांत मोठी घसरण इथे होते, म्हणून या पायरीवर मी थोडा अधिक थांबतो. १८५८ सालच्या लष्करातल्या मराठी घरात तरुण मुलगा आणि तरुण मुलगी बाजारात भेटून एकमेकांना पसंत करत नव्हती. लग्ने लहानपणी होत, मुलगी वयात आल्यावर सासरी नांदायला येई, आणि वडीलधाऱ्यांच्या देखत नवराबायकोने एकमेकांशी बोलणे हे निर्लज्जपणाचे मानले जाई. त्यामुळे आपली प्रेमकथा बहुतेक वेळा लग्नानंतर सुरू होते, आणि ती लपूनछपून चालते, अगदी आपल्याच घरात. ही अडचण नाही, उलट हेच आपले भांडवल आहे. ज्यांना दिवसा बोलता येत नाही अशा दोघांपैकी एकाला युद्ध ओढून नेते, तेव्हा न बोललेले किती उरते याचा हिशेब प्रेक्षक स्वतः करतो.

बायको नवऱ्याचे नाव घेत नसे, हे सर्वांना माहीत असते. पण त्या काळची स्त्री नवऱ्याशी बोलताना त्याला थेट कर्ताही करत नसे, हे पुष्कळांच्या लक्षात नसते. "तुम्ही कधी निघणार?" असे ती विचारणार नाही. ती विचारील, "इकडून निघणं कधी व्हायचं?" दुसऱ्याला सांगताना "इकडची स्वारी अजून आली नाही" असे म्हणेल. सासऱ्यांना मामंजी आणि सासूला आत्याबाई किंवा सासूबाई म्हणेल. मी एका विद्यार्थिनीच्या पटकथेतले वाक्य इथे देतो. तिने लिहिले होते: "मला तुमची फार काळजी वाटते, तुम्ही त्या फौजेत जाऊ नका." आम्ही दोघांनी बसून ते बदलले. दिंडीदरवाज्याआड उभी राहून, पदर डोक्यावर पुढे ओढून, हातातल्या तांब्याकडे पाहत ती म्हणते: "इकडून पाणी घेणं झालं नाही सकाळपासून." तो तांब्या घेतो, पाणी पितो आणि तांब्या तिच्या हातात न देता उंबऱ्यावर ठेवतो, कारण ओसरीवर मामंजी बसले आहेत. तो गेल्यावर ती तो तांब्या उचलते. पहिल्या वाक्यात जे सांगितले होते ते सगळे दुसऱ्यात आहे, आणि त्या घराची शिस्तही आहे.

बाहेरची भाषा वेगळी असावी. लष्करातला मराठी माणूस बाजारात हिंदी बोले, खेड्यातला दूधवाला त्याच्या बोलीत बोले, दफ्तरातल्या कागदांची मराठी फारशी शब्दांनी भरलेली असे. हे तीन सूर एकमेकांत मिसळू देऊ नयेत. संवाद लिहून झाले की लष्करातल्या एखाद्या वृद्ध मराठी बाईंना ते वाचून दाखवावेत आणि त्या जिथे अडखळतील तिथे खूण करावी. आपल्याकडच्या जुन्या घरांतल्या मराठीत आजही असे काही वळण टिकून आहे जे पुण्याच्या मराठीत सापडणार नाही, आणि ते ऐकायला आपल्याला कुठे दूर जावे लागत नाही.

त्या काळातले घरगुती तपशील हवे असतील तर विष्णुभट गोडसे यांचा "माझा प्रवास" वाचावाच. वरसईहून निघालेला हा भिक्षुक ऐन बंडात उत्तरेत अडकला, झाशीचा वेढा त्याने आतून अनुभवला आणि ते सारे त्याने पुष्कळ वर्षांनी आठवून लिहिले. पुस्तक १९०७ साली छापले गेले. लोक काय खात, कुठे निजत, कोणत्या भीतीने पळत, दक्षिणा कशी मिळे हे त्यात ज्या साधेपणाने येते तसे इतरत्र मिळत नाही. मात्र ते आठवणीतून लिहिलेले असल्यामुळे तारखा त्यातून उचलू नयेत. तारखा भिंतीवरच्या कागदातूनच घ्याव्यात. घरात मोडीतले जुने बाड असेल तर मोडी वाचणाऱ्या एखाद्या जाणकाराला दाखवावे. मला अशाच एका वहीत साखरेचा आणि तुपाचा हिशेब मिळाला होता, आणि त्यावरून आम्ही भोजनाचा पूर्ण प्रसंग उभा केला.

चौथी पायरी: युद्ध घरात आणणे

युद्ध दाखवायला पैसे लागतात. युद्धामुळे घरात काय बदलले ते दाखवायला निरीक्षण लागते. जूनच्या पहिल्या पंधरवड्यात लष्करात जे वातावरण होते ते फार विलक्षण आहे. शहर जिंकलेले, पगार वाटले गेलेले, पंक्ती उठत आहेत, आणि रोझचे सैन्य काल्पीहून निघालेले. आपला कारकून दक्षिणेचा रुपया आणून बायकोच्या हातावर ठेवतो. ती तो पदराच्या टोकाला गाठ मारून बांधते. हा तिला नवऱ्याकडून मिळालेला पहिला स्वतंत्र पैसा आहे, म्हणून ती दिवसातून दहा वेळा ती गाठ चाचपते. १९ तारखेनंतर तोच रुपया घरात सापडू नये म्हणून सासू तो मागते. ही गाठ सोडण्याचा शॉट जवळून घ्यावा आणि घाईने कापू नये. जुन्या सुती लुगड्याची गाठ आठ-दहा दिवसांत घामाने इतकी घट्ट होते की नखांनी सुटत नाही, दातांनी सोडावी लागते. आमच्या अभिनेत्रीला हे आम्ही सांगितले नव्हते, ते तिचे तिलाच कळले.

बातमी कशी पोहोचते याचा विचार करावा. आग्रा-मुंबई तारेची ओळ ग्वाल्हेरवरून जात होती, पण तार ही सरकारची होती. घराला बातमी मिळे ती पाणक्याकडून, न्हाव्याकडून, देवळातून. म्हणून एकच बातमी तीन तोंडांनी तीन प्रकारे येऊ द्यावी आणि खरी कोणती हे त्या क्षणी प्रेक्षकालाही सांगू नये. कोटा की सराय शहरापासून काही मैलांवर आहे. तोफांचा आवाज लष्करात गच्चीवरून ऐकू येईल एवढे ते अंतर आहे. तो आवाज गडगडाट म्हणून ऐकवावा. पाऊस तोंडावर आलेला असतो, म्हणून आजेसासू म्हणते, "आला वाटतं मृग," आणि सून काही न बोलता वाळवण उचलायला गच्चीवर जाते.

उन्हाला विसरू नये. त्या जूनमध्ये ऊन लागून इंग्रज शिपाई पडत होते, रोझला स्वतःला आधीच्या महिन्यात कोंचच्या लढाईत उन्हाने वारंवार गाठले होते. ग्वाल्हेरचा जून ज्याने सोसला आहे त्याला हे समजावून सांगावे लागत नाही. दुपारी ओल्या पंच्याने झाकलेली मडकी, वाळ्याचे पडदे, भिंतीला पाठ लावून बसलेली माणसे आणि रिकामा रस्ता हे सारे युद्धाइतकेच त्या कथेचे आहे, आणि फुकट मिळते.

पाचवी पायरी: काळाबाहेरच्या वस्तू

लोकेशन पाहायला जाताना प्रत्येक ठिकाणाचे साल विचारावे. पुष्कळजण जयविलास महाल मनात धरून येतात, परंतु तो १८७४ सालचा आहे. आपल्या कथेच्या वेळी राजवाडा म्हणजे गोरखी. महाराजबाड्याभोवतीच्या ज्या इमारतींमुळे तो चौक आज ओळखला जातो त्यांतल्या बहुतेक नंतरच्या आहेत, त्यामुळे तो चौक दाखवायचा मोह आवरावा. रेल्वे यायला अजून वीसहून अधिक वर्षे होती. किल्ल्याची भिंत मात्र खालून, पहाटेच्या उजेडात, वरची आजची बांधकामे चौकटीबाहेर ठेवून घेता येते, आणि तेवढी एकच चौकट पुरते.

घरातल्या वस्तूंसाठी शूटिंगच्या आदल्या संध्याकाळी एका माणसाने फक्त एवढेच काम करावे: प्रत्येक खोलीत जमिनीवर बसून सभोवार पाहावे. उभ्याने पाहिले तर चुकते, कारण त्या काळची माणसे जमिनीवर बसत आणि कॅमेराही बहुतेक वेळ तिथेच असणार आहे. स्टीलचे भांडे, विजेचे बटण, प्लॅस्टिकची बादली, सिमेंटचा डाग हे खालूनच दिसतात. चहा नको, काडेपेटी नको, रॉकेलचा कंदील नको. समई, पणती, मशाल आणि चकमक चालेल. भांडी तांब्यापितळेची असावीत आणि त्यांना कल्हई केलेली असावी, पण घासून चकचकीत केलेली नसावीत.

संगीताबद्दल विशेष सांगतो, कारण ग्वाल्हेरच्या माणसाने तरी इथे चुकू नये. पार्श्वसंगीतात पेटी वाजली की प्रसंग १८५८ चा राहत नाही. हाताने भाता मारायची पेटी कलकत्त्यात १८७५ च्या सुमारास तयार झाली. त्या वेळी जयाजीरावांच्या पदरी गवई हद्दू खाँसाहेब होते, ख्याल गायला जात होता, आणि साथीला तंबोरा, सारंगी आणि तबला होता. आपल्या गावात आजही या गायकीचे शिक्षण घेणारी मुले आहेत. त्यांतल्या एकाकडून फक्त तंबोऱ्यावर थोडा आलाप ध्वनिमुद्रित करून घ्यावा. आणि घरातल्या प्रसंगांना तर तेही नको, जात्यावरची ओवी पुरे.

कपड्यांवर जेवढे खर्च कराल तेवढे थोडेच. भाड्याने मिळणाऱ्या नऊवारीत कृत्रिम धागा असतो आणि समईच्या उजेडात ती चमकते. एकदा आमच्या पूर्ण रात्रीचे काम याच कारणाने वाया गेले. जाडसर सुती लुगडी घ्यावीत, ती तीन-चार वेळा धुवावीत, आणि समोर गाठ मारायच्या चोळ्या शिवून घ्याव्यात. श्रीमंत घर दाखवायचे असेल तर एखादे जुने चंदेरी कोणाच्या तरी पेटीत असतेच. चंदेरी आपल्याच मुलखातली, आणि मार्च १८५८ मध्ये तो किल्लाही इंग्रजांनी घेतला होता. तेव्हा लग्नातले चंदेरी नेसताना सासूच्या तोंडी "आता कुठलं नवं येतंय" एवढे वाक्य घातले तर मोहिमेचा नकाशा काढून दाखवावा लागत नाही.

परवानग्या

या भागात चातुर्य नाही, फक्त वेळेवर अर्ज करणे आहे. किल्ल्यावरची मानमंदिरासारखी संरक्षित स्मारके भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे आहेत आणि तिथे चित्रीकरणाला लेखी परवानगी आणि शुल्क लागते. घोडा, बैल किंवा कोणताही प्राणी चित्रीकरणात वापरायचा तर भारतीय प्राणी कल्याण मंडळाची परवानगी लागते. हे कळल्यावर बहुतेक नवखी मंडळी घोडा सोडून देतात आणि टापांचा आवाज वापरतात, आणि तेच बरे असते. खोट्या बंदुका आणि तलवारी घेऊन रस्त्यावर उतरण्याआधी पोलीस ठाण्यात लेखी कळवावे. महाराजपुऱ्यास हवाई दलाचा तळ असल्यामुळे ड्रोन उडवण्याचा विचार नियम पाहिल्याशिवाय करूच नये. वाड्याच्या मालकाशी तोंडी बोलणी करून थांबू नये; मला एका घरातून शूटिंगच्या सकाळी सामानासह परत यावे लागले आहे, कारण घरातल्या दुसऱ्या भावाला कोणी विचारलेच नव्हते. सगळ्या हिस्सेदारांच्या सह्या असलेला साधा कागद करावा आणि त्यांच्या देवघराची वेळ आपल्या वेळापत्रकात लिहून ठेवावी.

शूटिंगचे दिवस

कथा जूनची असली तरी शूटिंग जूनमध्ये करण्याचा हट्ट बाळगू नये. मार्चअखेरीस उन्हाची तीव्रता पुरेशी दिसते आणि माणसे आजारी पडत नाहीत. पहाटे पाच ते नऊ आणि दुपारी चार ते सात एवढ्याच वेळात बाहेरचे प्रसंग घ्यावेत. रात्रीच्या प्रसंगांना एक समई खरी ठेवावी आणि तिच्याच दिशेने, तेवढ्याच उंचीवरून झाकलेला लहान पिवळा दिवा लावावा, म्हणजे तोंडावरचा उजेड खोटा वाटत नाही. मराठीत बोलताना कलाकार एकमेकांच्या डोळ्यांत पाहू लागले की दिग्दर्शकाने थांबवावे; त्या घरात सून नवऱ्याच्या डोळ्यांत फार तर एकदा पाहते, आणि ते एकदा कुठे हे पटकथेत आधी ठरलेले असले पाहिजे. मी ते बहुधा निरोपाच्या प्रसंगी ठेवत नाही. निरोपाला ती खाली पाहते. ती वर पाहते ती त्याच्याही आधी, अगदी बिनमहत्त्वाच्या एखाद्या क्षणी, तो वाळू झटकत असताना.

संवाद शक्य तेवढे जागेवरच ध्वनिमुद्रित करावेत. जुन्या वाड्याच्या चौकात आवाजाला जी खोली येते ती नंतरच्या डबिंगमध्ये आणता येत नाही. त्यासाठी शेजारच्या घरी आदल्या दिवशी स्वतः जाऊन कुकर आणि टीव्ही यांच्या वेळा विचाराव्यात. लोक आनंदाने सांगतात आणि मग खेळालाही येतात.

शेवटचा प्रसंग

राणींच्या मृत्यूवर लघुपट संपवू नये, असे माझे ठाम मत आहे. तो प्रसंग फार मोठा आहे आणि त्याच्या छायेत आपली दोन लहान माणसे दिसेनाशी होतात. पंचांगाकडे पुन्हा पाहा. अमावास्या ११-१२ जूनला, म्हणजे ज्येष्ठातली पौर्णिमा २६ जूनच्या सुमारास येते, किल्ला पडल्यानंतर सहा दिवसांनी. ती वटपौर्णिमा आहे. लष्करातल्या मराठी बायका वडाला जाणार आहेत. आपला कारकून १९ तारखेच्या रात्री चंद्र मावळल्यावर निघून गेला आहे. तात्यांच्या फौजेबरोबर गेला, पकडला गेला की वाटेत पडला हे घरात कोणालाच ठाऊक नाही. ही मुलगी आज सवाशीण आहे की नाही? विधवाविवाहाचा कायदा १८५६ साली झाला होता, पण तो कंपनीच्या मुलखापुरता होता; शिंदेशाहीतल्या या घराला त्याचा आधार नाही. कुंकू पुसायचे म्हटले तर आजपासून तिचे सगळे आयुष्य बदलते, आणि वडाला पाठवायचे म्हटले तर शेजारणी काय म्हणतील ते ऐकायला तयार राहायचे.

हा निर्णय सुनेने घेऊ नये. तो सासूने घ्यावा, कारण त्या घरात तो तिचाच आहे. पहाट असावी. सासू देवघरातून हळदीकुंकवाचे तबक आणि सुताची गुंडी घेऊन येते आणि ओसरीवर ठेवते. काही बोलत नाही. सून तबकाकडे पाहते, मग सासूकडे. सासू म्हणते, "उन्हं वर यायच्या आत जाऊन ये, सूनबाई." एवढा एकच संवाद.

वडाजवळचा शॉट हातावर ठेवावा, चेहऱ्यावर नको. सूत गुंडाळताना ती शेवटच्या फेऱ्याला दोरा तोडण्याआधी हात किंचित वर नेते, जशी त्याची रेघ शेवटी वर जात असे. हे कुणी लक्षात आणून देऊ नये, संगीताने तर मुळीच नाही. दोरा तुटण्याचा आवाज येऊ द्यावा, तिच्यामागे रांगेत उभ्या असलेल्या बायकांच्या बांगड्यांचा आवाज येऊ द्यावा, आणि पुढच्या बाईचा हात तबक घेऊन चौकटीत आला की तिथे कापावे.